सातबाऱ्यावर तिचं नाव: स्त्री-पुरुष समानतेची पैरवी म्हणजे नेमकं काय करायचं?

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टपाल शाखेत रोज निवेदनं येतात. आवक क्रमांक पडतो, झेरॉक्सवर पोहोचेचा शिक्का मिळतो, पायऱ्यांवर ग्रुप फोटो होतो आणि मंडळी चहा पिऊन घरी जातात. समजा, नाशिकच्या या शाखेत एकाच दिवशी दोन निवेदनं आली. पहिल्यात लिहिलंय, "महिलांना समान हक्क व सन्मान मिळालाच पाहिजे." दुसऱ्यात लिहिलंय, "निफाड तालुक्यात लक्ष्मी मुक्ती योजनेखाली सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्यासाठी गेल्या तीन वर्षांत किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले, त्याची गावनिहाय यादी द्यावी. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी प्रत्येक तलाठी सज्जात एक दिवसाचं शिबिर लावावं."

पहिल्या निवेदनाला कुणाचाच विरोध नाही. साहेबही मान डोलावतील, शिपाईही डोलावेल. "योग्य त्या कार्यवाहीस्तव" असा शेरा मारून ते खाली पाठवलं जाईल आणि खालीही तोच शेरा पडेल. दुसऱ्या निवेदनाला मात्र उत्तर द्यावं लागतं. यादी आहे की नाही? शिबिर लावणार की नाही? कोण लावणार, कधी? इथे "बघतो" म्हणून सुटका होत नाही, आणि झालीच तर ती कागदावर दिसते.

संस्थांच्या बैठकांत ज्याला अ‍ॅडव्होकसी म्हणतात, मराठीत पैरवी किंवा जनवकिली, ती या दुसऱ्या निवेदनापासून सुरू होते. एखाद्या विधवा बाईची वारस नोंद अडली आणि तुम्ही तिच्याबरोबर तलाठ्याकडे जाऊन ती करून दिलीत, तर ती मदत झाली. गावातल्या सगळ्या बायकांना वारस नोंद म्हणजे काय ते समजावलंत, ती जागृती. आणि अशा नोंदी वर्षानुवर्षं कुठे अडतात ते शोधून, ती अडचण काढण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून लेखी आदेश काढून घेतलात, तर ती पैरवी. तिन्ही कामं लागतात. पण आपल्याकडे दुसऱ्या कामावर बॅनर, रॅली, रांगोळी स्पर्धा असा सगळा खर्च होतो आणि तिसरं काम करायला माणूस उरत नाही.

या तिसऱ्या कामाला जे लिखाण, फोटो, आकडे, पत्रकं, बातम्या आणि फोन लागतात त्याला संस्था 'कम्युनिकेशन' म्हणतात. हे काम प्रत्यक्ष कसं चालतं, ते एकाच प्रश्नावरून पाहू: शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव. नाशिक जिल्ह्याशी या प्रश्नाचं जुनं नातं आहे.

चांदवडपासून आजपर्यंत

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या पुढाकारानं शेतकरी घरातल्या बाया मोठ्या संख्येनं एकत्र आल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला हिस्सा राजीखुशीनं बायकोच्या नावावर करावा, असं पुरुषांनाच आवाहन होतं. कायद्याची वाट न बघता गावोगावच्या पुरुषांनी तसं केलं. मग १९९२ मध्ये राज्य शासनानं परिपत्रक काढलं. पतीनं अर्ज केला तर त्याच्या नावावरच्या जमिनीत पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येऊ लागलं.

मोहिमेत मागणी एकच होती आणि ती घराघरांत लगेच करता येण्यासारखी होती. आधी लोकांनी करून दाखवलं, मग शासनाकडे "हे लोक करताहेत, तुम्ही वाट सोपी करा" असं म्हणता आलं. पैरवी शिकवणाऱ्या जाडजूड पुस्तिकांमध्ये हा क्रम उलटा असतो. मला चांदवडवाल्यांचा क्रम जास्त पटतो.

परिपत्रकात एक गोम मात्र आहे. अर्ज नवऱ्यानं करायचा. म्हणजे हक्क म्हटला तरी नवऱ्याच्या मर्जीवर. आता त्याच नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत जा. तिथे वनहक्क कायद्याखाली मिळणारा पट्टा, २००६ च्या कायद्याच्या कलम ४(४) नुसार, नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. तिथे कुणाच्या राजीखुशीचा प्रश्न नाही. सुरगाण्यातल्या आदिवासी बाईचं नाव वनपट्ट्यावर कायद्यानंच लागतं आणि पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष बागायतदाराच्या बायकोचं नाव त्याला वाटलं तर लागतं. अशी तफावत दिसली की पैरवीची मागणी आपोआप तयार होते: जे वनपट्ट्याला चालतं ते सातबाऱ्याला का चालू नये? "स्त्री-सक्षमीकरण" या शब्दावर कुणाची झोप उडत नाही. पण हा प्रश्न आमदारांना विचारून बघा, निदान उत्तर शोधावं लागेल.

कुणाला काय सांगायचं

सातबाऱ्यावर नाव लागायचं तर किती जणांनी हो म्हणावं लागतं? आधी नवरा. त्याच्यामागे सासरे, दीर. मग तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात). नोंद धरल्यावर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. वर तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. नियमच बदलायचा असेल तर महसूल खातं आणि मंत्री. यातल्या प्रत्येकाची अडचण वेगळी, म्हणून प्रत्येकाशी बोलणं वेगळं. एकच पत्रक छापून सगळ्यांना वाटलं की ते कुणालाच लागू पडत नाही.

तलाठ्याला समानतेचं भाषण नको असतं. त्याला परिपत्रक दाखवा, भरलेला अर्ज द्या, सोबत सातबारा, आधार, लग्नाचा पुरावा जोडा. तहसीलदाराला तालुक्याचा आकडा हवा असतो, कारण वरून विचारणा झाली तर तोच द्यावा लागतो. आमदारांना सभागृहात वाचता येईल असं एक पान पुरतं.

नवऱ्याशी काय बोलायचं, इथे मात्र कार्यकर्त्यांमध्येच दोन तट आहेत. एक म्हणतो, त्याच्या फायद्याचं बोला: "दादा, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींना कागदांसाठी दारोदार फिरावं लागणार नाही. नाव आधीच असेल." हे बोलणं चालतं, द्राक्षपट्ट्यात कर्जाची भीती घरोघर असल्यानं जास्तच चालतं. दुसरा तट म्हणतो, हे चुकीचं आहे. ती आयुष्यभर त्या रानात राबली म्हणून तिचं नाव लागलं पाहिजे, नवरा मेल्यावर सोय व्हावी म्हणून नव्हे. आणि फायद्याचं बोलून लावलेलं नाव फायदा संपला की काढतातही.

माझं मत विचाराल तर उंबऱ्यावर पहिलं वाक्य फायद्याचं चालेल, पण तिथेच थांबू नये. कारण विक्रीच्या वेळी तिची सही लागते, हे नवऱ्याच्या लगेच लक्षात येतं आणि खरी बोलणी तिथून सुरू होतात. त्या वेळी तुमच्याकडे दुसरं वाक्य तयार नसेल तर अर्ज तिथेच घडी होऊन कपाटात जातो. दुसरं वाक्य साधं ठेवा: "जमीन दोघांच्या कष्टाची आहे, विकायची वेळ आली तर दोघांनी बसून ठरवा."

माहेरचा प्रश्न

आणखी एक गुंता आहे. बहुतेक मोहिमा त्याला हात लावत नाहीत, म्हणून जरा थांबून बघू.

बायकोचं नाव लावायचं म्हटलं की जमीन कुणाची, हा प्रश्न येतो. वडिलोपार्जित जमीन असेल तर त्यात नवऱ्याच्या बहिणींचाही हिस्सा आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. केंद्राची दुरुस्ती २००५ ची. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानं मिळतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. इतकं असूनही गावात काय होतं? वडील गेले की बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर सही झाली की जेवण, साडी, आणि "ताई, माहेर तुला कायम उघडं."

ती सही का करते? कायदा माहीत नसतो म्हणून, असं आपण समजतो आणि कायद्याची माहितीपत्रकं छापतो. तिला बहुतेकदा पुरतं माहीत असतं. हिस्सा मागितला तर भाऊ तुटेल, भाऊबीजेला दार बंद होईल आणि उद्या सासरी काही झालं तर जायला जागा उरणार नाही, हा तिचा हिशेब असतो. सासरच्या सातबाऱ्यावर नाव नाही आणि माहेरचा हिस्सा सोडलाय, अशा बाईला माहेरचा आधार हाच विमा आहे. हे समजून न घेता "कायद्याने वागा" असं सांगणारं पत्रक तिच्या काही कामाचं नाही.

म्हणून जमिनीची मोहीम आखताना सून आणि नणंद या दोघींचा विचार एकत्र करावा लागतो. नाहीतर लक्ष्मी मुक्तीचे अर्ज भरण्याच्या उत्साहात बहिणींची हक्कसोड उरकून घेतली जाते आणि एका बाईचं नाव लावताना दुसरीचं कायमचं पुसलं जातं. शिबिरात अर्जाबरोबर "या जमिनीत आणखी कोण वारस आहेत?" हा रकाना ठेवा. काम वाढतं, पण ठेवा.

आकडा गावचा हवा

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात शेती वहिवाटणाऱ्या खातेदारांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रिया होत्या. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, तर पुरुषांची ९७. भाषणाला हे आकडे ठीक आहेत. पण ग्रामसभेत "देशात १४ टक्के" म्हटलं की लोक म्हणतात, "असेल देशात, आमच्याकडे तसं नाही."

मग आमच्याकडे किती, ते मोजा. गावाचा आठ-अ म्हणजे खातेदारनिहाय उतारा. सातबारा आणि आठ-अ महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. दोन कॉलेजच्या मुली आणि एक वही एवढ्यावर दोन-तीन दिवसांत काम होतं: एकूण खाती किती, बाईचं नाव असलेली किती, त्यातल्या विधवा किती. हा शेवटचा रकाना गावच्या बायकांकडून भरून घ्यायचा, आणि चर्चा बहुतेक त्यावरूनच पेटते. नवरा असताना नाव लागलेल्या बायका शोधाव्या लागतात हे लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. अर्जांची सरकारी आकडेवारी हवी असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्कही नाही.

आणि हा आकडा मांडायचा कुठे? महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती सह्यांच्या वहीतच होते. अंगणवाडी सेविका किंवा बचतगटाची ताई वही घेऊन फिरते आणि सभा "संपन्न" होते. ती सभा खरोखर भरवणं ही पैरवीची पहिली पायरी धरावी, कारण तिथे झालेला ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडता येतो. ठराव काय करू शकतो त्याचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं दिलं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. परिपत्रकानं बांगड्या फोडणं थांबतं का? लगेच नाही, त्यात शिक्षेची तरतूद नाही. पण ज्या घरात सून नको म्हणते तिथे तिला "शासनाचा कागद आहे" म्हणता येतं.

एक बारीक सूचना. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा स्त्रियांना आहेत, तरी संस्थांचे फोन अजून "सरपंचांच्या मिस्टरांना" जातात. पत्र तिच्या नावानं, फोन तिच्या नंबरवर. तो उचलेल, तुम्ही म्हणा, "ताईंना द्या."

भिंतीवरच्या घोषणा

समानतेच्या नावानं रंगवलेल्या कितीतरी भिंती समानतेचं नुकसान करतात. "मुलगी नसेल तर सून कुठून आणणार?" ही घोषणा तुम्ही एसटी स्टँडवर वाचली असेल. नीट ऐका, मुलगी का हवी? कुणाच्या तरी मुलाला बायको मिळावी म्हणून. तिच्या जगण्याचं कारणही दुसऱ्याच्या संसारात.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात झालेली मोहीम देशात पहिली यशस्वी ठरली. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी ऐंशीच्या दशकात डॉक्टर, वकील, पत्रकार, सगळ्यांना जोडून घेतलं आणि १९८८ मध्ये राज्याचा कायदा झाला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. पण पुढे प्रचारात पोटातल्या बाळावर सुरी धरलेली, रक्त ठिबकणारी चित्रं आली. त्या चित्रांत गर्भपात म्हणजेच खून, असं दिसतं. गर्भपात तर १९७१ च्या कायद्यानं ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत. मग जिला खरोखर गरज आहे, तिसरं मूल नको असलेली, आजारी असलेली, जबरदस्तीतून दिवस गेलेली, ती सरकारी दवाखान्यात जायला घाबरते आणि मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच घेते. बंदी लिंगनिदानावर आणि त्या कारणानं होणाऱ्या गर्भपातावर आहे, हे चित्रातूनही तसंच दिसलं पाहिजे. पोस्टर छापण्याआधी एका नर्सबाईंना आणि दोन बायकांना दाखवून "यातून काय कळलं?" एवढं विचारलं तरी हा घोटाळा टळतो.

कुठे, कधी, कोणत्या वेळी

समानतेची बैठक सकाळी अकराला मंगल कार्यालयात ठेवायची आणि मग "बायका पुढे येत नाहीत" म्हणायचं, हा प्रकार नाशिकमध्ये भरपूर. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग, थिनिंग (घड औषधात बुडवणं, मणी विरळ करणं) सुरू झालं की निफाड-दिंडोरीच्या बागांत बायका सकाळी आठपासून असतात. पेठ-सुरगाण्याच्या मजूर टोळ्या तर बागेतच मुक्कामाला. डिसेंबर-जानेवारीत कांदा लागवड उक्त्यावर, मार्च-एप्रिलमध्ये काढणी आणि कांदा कापणी. त्यातून वेळ काढून जी येते तिची रोजंदारी बुडते. बागेतल्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बोलून होतं ते दिवसभराच्या कार्यशाळेत होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी, द्राक्षाचं काम हलकं असताना, शिबिरं ठेवावीत.

८ मार्च हा मागणीचा दिवस म्हणून फार उशिराचा आहे. महापालिकेचं अंदाजपत्रक त्या सुमारास आधीच शिजलेलं असतं. शहरात बायकांसाठी स्वच्छतागृहं, बसथांब्यांवर दिवे, पाळणाघरं हवी असतील तर तो आग्रह दिवाळीनंतर लगेच धरावा लागतो. मार्चमध्ये गुलाब मिळतो.

हळदी-कुंकवाचंही तसंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली बायका जमतात, म्हणून संस्थांना ती आयती सभा वाटते आणि वाणाबरोबर पत्रकं वाटली जातात. पण जमिनीचं पत्रक जिला सर्वात आधी हवं, ती विधवा बाई त्या ओट्यावर नसते. तिला बोलावणंच नसतं. काही बचतगटांनी याला "तिळगूळ" म्हणून सर्वांना बोलवायला सुरुवात केली आहे; ते सोपं नाही, सासवा कुरकुरतात, पण संस्थेनं तरी अशाच ठिकाणी जावं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एवढंच: गावाच्या ग्रुपवर पुरुष असतात, आणि बाईचा फोन घरात तीन जण बघतात. मारहाणीविषयीची माहिती, महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर, असलं काही थेट तिच्या नंबरवर पाठवू नका. रेशन दुकानाच्या, दवाखान्याच्या, अंगणवाडीच्या बायकांच्या रांगेत तो नंबर तोंडी जातो तेच बरं.

तिची गोष्ट, तिचा फोटो

बातमीदाराला आणि देणगीदाराला, दोघांनाही "केस स्टोरी" हवी असते. नाव बदललं की काम झालं असं धरतात. आता हे वाचा: "निफाड तालुक्यातील ३२ वर्षांची सुनंदा (नाव बदललं आहे), दोन मुलींची आई, पती द्राक्ष बागायतदार, स्वतः पॅकहाऊसमध्ये काम करते, मागच्या पावसाळ्यात दिरानं घराबाहेर काढलं." पंचक्रोशीत ही कोण, हे सांगायला नाव लागतच नाही. वय, मुलींची संख्या, पॅकहाऊस आणि पावसाळा, चारातले तीन तपशील काढले तरी गोष्टीचं काही बिघडत नाही.

कायद्याची रेषा स्पष्ट आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आहे, आणि कामाच्या ठिकाणच्या छळाच्या तक्रारीचा तपशील जाहीर करायला २०१३ च्या कायद्याचं कलम १६ मनाई करतं. पण जमिनीच्या किंवा घरातल्या भांडणाच्या गोष्टीला असा कायदा आडवा येत नाही, म्हणून तिथेच जास्त चुका होतात. संमती एका सहीत उरकू नका. नाव चालेल का, चेहरा चालेल का, गावाचं नाव, फेसबुकवर, पेपरात, आणि घरचे वाचतील तेव्हा? एकेक विचारा. आठ दिवसांनी पुन्हा विचारा. नको म्हणाली तर काढून टाका. छापून झालंय हे कारण देऊ नका, छापायच्या आधी विचारलं असतंत.

फोटो नेहमी गुडघ्यात डोकं घातलेल्या बाईचाच का असतो, हेही कळत नाही. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला निघाला, त्यातल्या आदिवासी बायकांच्या फोड आलेल्या, सोललेल्या पायांचे फोटो देशभर गेले. त्या फोटोंत वेदना होती, पण त्या बाया चालत होत्या आणि काय मागताहेत ते ठाऊक होतं: वनजमिनीचे पट्टे. आणि मोर्चानं मुंबईत दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून रात्रीच पुढचा टप्पा चालून काढला. शहर त्यांच्या बाजूला झुकायला हा एक निर्णय फार कामी आला. कोणत्याही जाहिरात एजन्सीला सुचला नसता.

मदत करायची तर

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणारे, आयटीतले, कला महाविद्यालयातले पुष्कळ जण विचारतात, आम्ही काय करू? लोगो आणि रील्स सोडून बरंच आहे. एखाद्या संस्थेला दर महिन्याचं एक पान लिहून द्या: काय मागितलं, कुणाकडे, काय उत्तर आलं. माहिती अधिकारातून आलेल्या यादीचा तक्ता करा. बातमीदाराला फोन लावताना आधी तो तक्ता पाठवा. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समितीत असाल तर लक्षात घ्या, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्त्री-पुरुष समानता हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. शिलाई मशीन वाटपाइतकाच कार्यकर्तीचा पगारही त्यात बसतो, आणि तो मिळणं जास्त अवघड आहे.

हिशेब ठेवताना किती लोकांनी पोस्ट पाहिली हा आकडा शेवटी लिहा. आधी अर्ज किती भरले, किती नोंदी धरल्या, किती मंजूर, किती फेटाळल्या आणि का. बलात्काराच्या कायद्याचंच बघा. मथुरा प्रकरणाचा, म्हणजे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्याचा, सर्वोच्च न्यायालयातला निकाल १९७८ चा. पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यावरून देशभर निदर्शनं झाली, आणि कायदा बदलला १९८३ मध्ये. त्या चार वर्षांत "या महिन्यात काय साधलं?" असं कुणी विचारलं असतं तर रकाना बहुतेक वेळा कोराच राहिला असता. देणगीदारांना हे आधीच सांगून ठेवा.

लहान बदलही मोजा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. फॉर्ममधला एक रकाना, पण तो राज्यातल्या प्रत्येक घरात जातो.

आणि शिबिर संपल्यावर घरी जाऊ नका. अर्ज दिला की पोहोच घ्या, नोंद धरली की फेरफार क्रमांक लिहून घ्या. त्यानंतर नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. अर्जाच्या दिवशी गप्प बसलेले दीर आणि सासरे बोलतात ते याच पंधरा दिवसांत. नवऱ्यावर दबाव येतो, तो माघारीचा विचार करतो, तिला रात्री ऐकून घ्यावं लागतं. शिबिराच्या पत्रकावर जो मोबाईल नंबर छापलाय, तो त्या पंधरा दिवसांत, संध्याकाळी सातनंतरही, कुणीतरी उचलेल एवढी सोय आधी करा आणि मगच पत्रक छापायला टाका.